वीट तापेना

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आळेफाट्याला माझं गॅस शेगडी आणि मिक्सर रिपेअरिंगचं दुकान आहे. शेगडी पेटत नसेल तर बर्नरमध्ये कचरा असतो, नाहीतर रेग्युलेटर गेलेला असतो. तिसरं कारण अठरा वर्षांत मला सापडलेलं नाही. गिऱ्हाईक "कुणाची तरी नजर लागली" म्हणालं की मी मान हलवतो आणि नोझल साफ करून देतो. पण मागच्या उन्हाळ्यात जे झालं ते माझ्याच धंद्यातलं होतं... म्हणून लिहितोय.

माझे मामा-मामी महाळुंगे पडवळला असतात. मूळ धंदा मेंढरांचा, आता शेती. घरात दोघंच. मामाला कॅन्सर, मणक्यापर्यंत गेलेला. गोळ्यांनी दुखणं थांबेना, म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी कातडीवर चिकटवायची पट्टी सुरू केली. अफूच्या जातीचं भारी औषध, तीन दिवस थोडं थोडं अंगात उतरतं. पट्ट्या आणायचं काम माझ्याकडे होतं. तिथल्या सिस्टरनी मला समोर बसवून सगळं समजावलं, वर मराठीत छापलेला कागदही दिला. मी तो गाडीच्या डिकीत टाकला आणि मामीला एवढंच सांगितलं — तीन दिवस झाले की नवी लावायची.

दुसऱ्या आठवड्यात सकाळी अकराच्या सुमारास मामीचा फोन आला.

"दत्ता, शेगडी बिघडली रं. वीट तापंना."

"चहा होतो का?"

"चहा व्हतो, भाकरी व्हती. निस्ती वीट तापंना."

आमच्याकडे पाठ धरली की वीट तापवायची, फडक्यात गुंडाळायची आणि शेक द्यायचा. रानात मेंढरांमागे हिंडताना हीच डॉक्टरकी. तरी चहा होतो आणि वीट तापत नाही, ही तक्रार मी जन्मात ऐकली नव्हती. शेगडी नाही, मामीच बिघडली, असं मनात आलं. पण मला मंचरला स्पेअर पार्ट आणायला जायचंच होतं. कळंबवरून महाळुंग्याकडे वाट वाकडी केली.

दोन बर्नरची शेगडी. एकावर दूध, दुसऱ्यावर वीट. ज्योत निळी, विटेला चहूबाजूंनी लागत होती. अर्धा तास झाला म्हणे. मी आधी बोट लावलं, मग अख्खा तळवा ठेवला. गार... माठाखालच्या विटेसारखी. वर पाण्याचा थेंब टाकला, तो तसाच बसून राहिला. मग बर्नरची अदलाबदल केली. दूध उतू गेलं, वीट गार ती गारच. शेवटी अंगणातल्या ढिगातली दुसरी वीट आणली. ती उन्हाने हाताला चटका देत होती. ज्योतीवर दहा मिनिटं ठेवली आणि तीही गार झाली.

अंगावर काटा वगैरे काही आला नाही. मला राग आला. अठरा वर्षांचा अनुभव आणि एक वीट ऐकेना.

"सोड ती वीट, गरम पाण्याची पिशवी दे त्याला," मी म्हणालो. हे मीच म्हणालो, लक्षात ठेवा.

"पिशवी गळती. काल विटंनंच शेकलं तर लई बरं वाटलं त्यांनला. तवापासनं झोपल्यात. दुखतंय म्हणलं न्हाईत का पाणी मागितलं न्हाई."

"कुठं शेकलंस?"

"पाठीला. पट्टीवरनंच. म्हणलं औषध आत मुरंल."

तेव्हा सिस्टरचं बोलणं आठवलं. पट्टीवर शेक नको, गरम पिशवी नको, पट्टीला ऊन लागू देऊ नका. उष्णतेने औषध एकदम अंगात उतरतं, माणूस झोपत जातो आणि श्वास मंदावतो.

आत गेलो. मामा कुशीवर होता. हाक मारली, हलवलं. अर्धा डोळा उघडला आणि मिटला. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. सदरा वर केला तर पाठीवर दोन पट्ट्या. जुनी अजून चांगली चिकटून होती, भारी औषध वाया कशाला घालवायचं म्हणून मामीने नवी शेजारी लावली होती. मोबाईलवर वेळ लावून श्वास मोजले. मिनिटाला सात. इथे मात्र मी घाबरलो, पुरता घाबरलो.

आधी १०८ ला फोन केला, मग सिस्टरना. त्या म्हणाल्या, दोन्ही पट्ट्या काढा, जागा नुसत्या साध्या पाण्याने पुसा, बोलत राहा, झोपू देऊ नका. मामी त्याच्या कानाशी बसली आणि एकच म्हणत राहिली, "आवो उठा, मेंढरं उसात शिरली." मेंढरं विकून कितीतरी वर्षं झालीत. पण तेवढ्यावर तो दर वेळी हुंकार द्यायचा, आणि एक मोठा श्वास घ्यायचा.

अँब्युलन्सने मंचरच्या दवाखान्यात नेलं, तिथे इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला, दोन दिवस ठेवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, आज पुन्हा शेक बसला असता तर पेशंट इथवर पोचला नसता. नंतर पुण्याहून कमी ताकदीची पट्टी सुरू झाली. आता मामा पडवीत बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कांद्याचा भाव विचारतो. दुखणं आहे, पण सोसण्यासारखं.

आठ दिवसांनी मी त्याच दोन विटा त्याच शेगडीवर ठेवल्या. सात-आठ मिनिटांत तापल्या, बोट भाजलं. माझा मेकॅनिक मित्र म्हणतो, त्या दिवशी विटा ओल्या असतील. ओली वीट उशिरा तापते, कबूल, पण तिच्यातून वाफ निघते. आणि उन्हात तापलेली वीट ज्योतीवर गार होते, हे कुठल्या ओलीत बसतं? मामा म्हणतो, खंडोबानं राखलं. मी वाद घालत नाही.

मामीला मात्र विटेपेक्षा दुसरंच विचारायचं होतं. मामाला घरी आणलं त्या संध्याकाळी तिने विचारलं,

"शेकायचं न्हाई, ह्ये तुला ठावं व्हतं?"

"हो."

"मंग मला का न्हाई सांगितलंस?"

घाई होती, असं म्हणणार होतो. पण खरं तेच सांगितलं.

"तुला कळणार नाही, असं वाटलं."

तिने परातीतल्या पिठात पाणी ओतलं आणि मळायला घेतलं. मग म्हणाली, "आता सांग."

मी सांगितलं. नवी लावायच्या आधी जुनी काढायची. चिकट बाजू आत दुमडून पोराबाळांच्या, कुत्र्यामांजरांच्या वाटेत येणार नाही अशी टाकायची. दर वेळी जागा बदलायची. शेक नाही, ऊन नाही. दुखणं वाढलं तरी मनाने दुसरी लावायची नाही, फोन करायचा. हाक मारून जाग येईना किंवा श्वास मिनिटाला दहाच्या खाली गेले तर पट्टी काढून लगेच १०८.

तिने परातीतून हात न काढता सगळं परत म्हणून दाखवलं. एकही चूक नव्हती.