वाचून दाखवलेला कागद

आमच्या घरात जुन्या बडोदे संस्थानाचा अभिमान जरा जास्तच. पणजोबा संस्थानच्या दप्तरात होते, एवढ्यावर तीन पिढ्यांनी मान ताठ ठेवली. दप्तर मोडी लिपीत चालायचं. मला मोडीचं एक अक्षर येत नाही, हे मात्र मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

विचारलं ते आमच्या भाजीवाल्या काकांनी. डभोईच्या बाजूला त्यांची थोडी शेती आहे. दर हिवाळ्यात ते बडोद्याच्या तरसाली भागात आमच्या सोसायटीत पापडी आणि वांगी घेऊन येतात. त्या दिवशी टोपली खाली ठेवून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढला.

छोट्या गाडीचा, म्हणजे नॅरोगेज रेल्वेचा, एक फाटा त्यांच्या शेताला चिकटून जायचा. तोट्यात चालून चालून तो बंद पडला. आता ती सगळी पट्टी राज्य सरकार रस्त्यासाठी ताब्यात घेणार होतं आणि दोन्ही बाजूंना भिंत बांधणार होतं. काकांचं घर आणि शेत लायनीच्या अलीकडे, विहीर पलीकडे. माणसं, बैल, सगळी इतकी वर्षं रूळ ओलांडूनच जायची. लायन टाकताना त्यांच्या आजोबांच्या वडिलांनी जमीन दिली आणि विहिरीची वाट राखून घेतली, असं घरात सांगत आले होते. हरकत नोंदवायला महिन्याभराची मुदत होती. वाटेचं या कागदात लिहिलं असेल तर तो हरकतीला जोडायचा, एवढंच त्यांना हवं होतं.

"बेन, आ तो तमारी लिपि," ते म्हणाले. "तमे वांची आपो."

मी चष्मा लावला. वरचा 'श्री' तेवढा ओळखला. खाली नुसती हात न उचलता काढलेली वेटोळी. शेजारीण दारात उभी होती, आणि पणजोबांच्या गोष्टी मीच तिला दहादा ऐकवलेल्या. मी कागदावरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेले. मध्ये दोनदा मानही डोलावली. त्या मान डोलावण्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. मग त्यांना गुजरातीत सांगितलं, की यात वाटेचं काही नाही, नुसती जमिनीची मोजणी आहे.

वर त्या कागदाचा फोटोही काढून घेतला. कशाला, तर घरच्या ग्रुपवर मिरवायला. काकांनी कागद कपाळाला लावून पिशवीत ठेवला आणि मी नको नको म्हणत असताना पापडीची एक मूठ जास्त टाकली.

पुण्यातली माझी भाची सुट्टीच्या दिवशी मोडी शिकायला जाते, हे मला ठाऊक नव्हतं. तीन आठवड्यांनी तिचा मेसेज आला. ग्रुपवरचा तो फोटो तिनं सरावासाठी घेतला होता. लायनीपलीकडच्या विहिरीवर जायला माणसांना आणि बैलगाडीला कायमची वाट द्यायची, असं त्यात स्वच्छ लिहिलंय, असं तिनं कौतुकानं कळवलं होतं.

तो रविवार होता. मुदत शुक्रवारी संपत होती. काकांचा नंबर माझ्याकडे होता. पण फोन केला तर मला मोडी येत नाही हे कबूल करावं लागणार, एवढ्यावर मी पाच दिवस अडून बसले. सोमवारी वाटलं, भाजी घेऊन येतील तेव्हा सांगू. ते आले नाहीत. बुधवारी वाटलं, असल्या जुन्या कागदांना आता कोण विचारतंय. चष्म्याचा नंबर चुकला होता, अशी थाप मारूनसुद्धा काम भागलं असतं, पण तीही वेळेवर सुचली नाही. शुक्रवारी दिवसभर मी कपाटं आवरत बसले.

उन्हाळ्यात भिंत उभी राहिली. त्यानंतर एकदा मनाचा हिय्या करून मी त्यांच्या गावी गेले. काकांची सून डोक्यावर घडा घेऊन नाल्याच्या पुलावरून, लांबच्या वळशानं येत होती. मला पाहून काकांना आनंदच झाला. त्यांनी खाट टाकली, सुनेला चहा ठेवायला सांगितलं आणि शेजारच्या शेतकऱ्याला हाक मारली. त्याच्याकडेही तसाच एक कागद होता. या बेन मोडी वाचतात, आपला कागद यांनीच वाचला, असं काका त्याला मोठ्या विश्वासानं सांगत होते.

त्यानं कागद माझ्या हातात दिला. वर तसाच 'श्री' होता.

मी चष्मा पर्समधून काढलाच नाही. मला मोडी येत नाही, त्या दिवशीही येत नव्हती, असं सांगितलं. काका, तुमच्या कागदात वाट लिहिलेली आहे आणि मुदत संपायच्या आधीच मला ते कळलं होतं, हेही सांगितलं.

काका रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. शेजाऱ्याचा कागद त्यांनी माझ्या हातातून घेऊन त्याला परत दिला. मग साध्या आवाजात म्हणाले, "बेन, तमे ना पाडी होत, तो हुं बीजा पासे जात."

दुसऱ्याकडे गेले असते. मी फक्त नाही म्हणायला हवं होतं.

तेवढ्यात चहा आला. पाणी त्याच विहिरीचं होतं, सुनेनं वळसा घालून आणलेलं. मी तो खाली मान घालून संपवला.