जास्वंदीवर सोडलेले भुंगेरे

टिटवाळ्याला आमची नर्सरी आहे. बाबा ठाण्यातल्या एका कारखान्यात माळी होते. कारखाना बंद पडल्यावर त्यांनी ही जागा घेतली आणि शोभेची झाडं करायला लागले. त्यांचे गुडघे दुखायला लागले तेव्हा मी कल्याणमधली ऑफिसची नोकरी सोडून नर्सरीत आले. शनिवार फवारणीचा. बाबांचा फवारणीवर पूर्ण विश्वास होता. माझाही होता, कारण दुसरं काही मला ठाऊकच नव्हतं.

त्या वर्षी शेडमधल्या जास्वंदीला पिठ्या ढेकूण लागला. पानांच्या बेचक्यात, कळीच्या देठाशी, कापूस चिकटवावा तसे पांढरे पुंजके. फवारलं की आठवडाभर कमी व्हायचा, मग आधीपेक्षा जास्त. आम्ही औषध बदललं, कडक केलं. अशाच एका शनिवारी कुंड्या हलवता हलवता मावशी मटकन खाली बसल्या. या मावशी शेजारच्या गावच्या, मी शाळेत होते तेव्हापासून आमच्याकडे कामाला. डोळ्यांतून धारा, श्वास लागलेला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "मास्क लावला नव्हता का?"

लावलेला, पण मी. पंप माझ्या पाठीवर होता. मावशींना बाहेर थांबा म्हणायचं मला सुचलंच नव्हतं.

दोन दिवसांत त्यांना बरं वाटलं. मला वाटेना. मी बाबांना सांगितलं, "शेडमध्ये आता फवारणी बंद."

"मग जास्वंद काय फेकून द्यायची?"

"पिठ्या खाणारे भुंगेरे मिळतात. ते सोडू."

"किडीवर किडी सोडणार," बाबा म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

शेतकी शिकवणाऱ्या एका बाईंना मी फोन करकरून भंडावून सोडलं. त्यांनी सांगितलं, आधी पानांवरचं औषध उतरू दे, नाहीतर भुंगेरेच मरतील. आणि मुंग्यांचा बंदोबस्त कर. पिठ्याचा गोड चिकटा मुंग्या खातात, म्हणून त्याची राखण करतात. मग मी आणि मावशींनी काही आठवडे रोज पाइपाच्या जोरदार पाण्याने झाडं धुतली आणि कुंड्या ठेवलेल्या बाकड्यांच्या पायांना ग्रीस फासलं. मुंग्या ग्रीसपर्यंत येऊन परत फिरायच्या. तेवढ्यानेही मला बरं वाटायचं.

भुंगेऱ्यांचा डबा आला तेव्हा बाबांनी तो उघडूनही पाहिला नाही. काळे, नारिंगी डोक्याचे, मसुराच्या दाण्याएवढेही नाहीत. संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही ते झाडाझाडावर सोडले. सकाळी शोधले तर मोजून चार दिसले.

दोन आठवडे गेले आणि एका सकाळी मावशींची हाक आली. "ताई, इकडे ये गो. पिठ्या तर मोठा झाला."

खरंच होतं. पिठ्याच्या तिप्पट मोठे, अंगावर पांढरे मेणचट झुपके असलेले किडे फांदीफांदीवर होते. मी बाबांना हाक मारली. बाबा काठी टेकत आले, त्यांनी एक पान उलटून पाहिलं आणि म्हणाले, "पंप काढ. झाला तेवढा हट्ट पुरे."

मी पंप काढला. टाकीत पाणीसुद्धा भरलं. पण औषधाची बाटली उघडण्याआधी शेवटचं म्हणून बाबांचं वाचायचं भिंग घेऊन एका फांदीशी वाकले. तो मोठा पांढरा किडा चालत होता, पिठ्यापेक्षा कितीतरी भरभर. पिठ्याजवळ थांबला, त्याला पकडलं आणि खायला लागला. भुंगेऱ्याचं पिल्लू होतं ते. शत्रूसारखंच दिसणारं, आणि मी त्याच्यावर औषध मारायला निघाले होते.

"बाबा, बघा," मी भिंग त्यांच्या हातात दिलं.

बाबा वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "स्टूल आण." दुपारचं जेवणही त्यांनी तिथेच मागवलं.

पुढे झाडांनी अशी काही उभारी धरली की मला रोज सकाळी शेडमध्ये जायची घाई व्हायची. नवी पालवी सरळ, चकचकीत. कळ्या गळायच्या थांबल्या. नवरात्राआधी ठाण्याच्या टेंभी नाक्याजवळचे एक दुकानदार आमच्याकडून जास्वंद नेतात. आदल्या वर्षी त्यांनी पिठ्यामुळे अर्धा टेम्पो परत पाठवला होता. या वेळी ते स्वतः आले आणि एकेक कुंडी फिरवून पानांच्या खालून बोट फिरवायला लागले. पन्नासेक कुंड्या झाल्यावर त्यांनी बोट पाहिलं, ते पुसायला काढलेला रुमाल तसाच परत खिशात ठेवला.

"सगळ्या भरा. औषध कुठलं मारता?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "आमच्या मुलीने औषध बंद केलंय. या, दाखवतो." आणि आपल्या दुखऱ्या गुडघ्यांनी त्यांना शेडच्या पार टोकापर्यंत घेऊन गेले.

आता आसपासच्या नर्सरीवाल्या बायका आमच्याकडे येतात. त्यांना मी नाही, मावशी शिकवतात. फांदी हातात धरून त्या सांगतात, "हा हळू चालतो तो पिठ्या. हा भरभर चालतो तो आपला. याला हात नाय लावायचा." बायका वाकतात, आणि मावशी त्यांच्यामागे कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात, ताठ.