खिडकीत सांगितलेलं आणि न सांगितलेलं

नाशिकच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी सतरा वर्षं विद्यार्थी विभागाच्या खिडकीमागे बसले. अशा जागी किस्से जमवावे लागत नाहीत, धुळीसारखे आपोआप साचतात. मैत्रिणी जमल्या की म्हणतात, सांग ना तुझ्या खिडकीतलं. हसण्यासारखे होते ते सांगून संपलेत. आता उरलेले सांगते.

*

मी लागले ती नव्वदच्या आसपास. तेव्हा पालक आले की रजिस्टर काढायचं आणि बोट ठेवून वाचून दाखवायचं, एवढंच आम्हाला माहीत. चांदवडहून एक गृहस्थ आले. मुलगा एसवाय बीएस्सीला, कसा काय चाललाय विचारत होते. हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी.

मी खणखणीत आवाजात वाचलं. फिजिक्स नापास, मॅथ्स नापास, केमिस्ट्रीच्या पेपराला गैरहजर.

ते खिडकीच्या गजांपाशी वाकले आणि म्हणाले, "बाई, जरा हळू. मागं त्याचे दोस्त उभे असत्याल."

रांगेतली मुलं खरंच ऐकत होती. जाताना ते शेंगा माझ्या टेबलावर ठेवून गेले. संध्याकाळपर्यंत ऑफिसने त्या संपवल्या. मीही खाल्ल्या.

*

हजेरी कमी पडली की आम्ही घरी पोस्टकार्ड टाकायचो. पाकिटापेक्षा स्वस्त आणि लिहायला सोपं. 'आपली पाल्य महिनाभर वर्गात गैरहजर आहे', एवढाच मजकूर, खाली शिक्का.

असंच एक कार्ड सटाण्याकडच्या एका खेड्यात गेलं. मुलीच्या वडिलांना वाचता येत नव्हतं. पोस्टमनने ते दुकानासमोर मोठ्याने वाचून दाखवलं. तिथं दहा-बारा माणसं बसलेली.

तिसऱ्या दिवशी वडील आणि काका तिला न्यायला आले. ती मुलगी आमच्या खो-खोच्या टीममध्ये होती, महिनाभर सकाळ-दुपार ग्राउंडवरच असायची. खेळाच्या सरांनी हजेरीची चिठ्ठी ऑफिसात पाठवायची, ती पाठवायची राहिली होती. सर धावत आले, हात जोडून सगळं समजावून सांगितलं. वडिलांना पटलंसुद्धा.

"पोर खोटी नही शे, मालूम शे माले," ते म्हणाले. "पन आते गावले कोन सांगी?"

मुलगी दाखला घेऊन गेली. त्या वर्षी टीम पहिल्याच फेरीत हरली. सर त्यानंतर कितीतरी दिवस ऑफिसात चहाला आले नाहीत.

*

मग फोनचं. एका दुपारी फोन आला, आवाज मोठ्या माणसाचा, बोलणं अगदी सभ्य. एका मुलीचं नाव सांगून म्हणाला, "मी तिचे वडील बोलतोय. आज प्रॅक्टिकल किती वाजता सुटेल? घ्यायला यायचंय."

मी टाइमटेबल बघून सांगितलं. वर हेही सांगितलं, की त्या बॅचच्या मुली मागच्या गेटने स्टँडवर जातात.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी खिडकीत आली. ओढणी खांद्यावर घट्ट लपेटलेली. मागच्या गेटपाशी एका माणसाने तिचा हात धरला होता. मैत्रिणी बरोबर होत्या म्हणून सुटली. ती रागावली नाही, आवाजही चढवला नाही.

"मॅडम, माझे वडील मी सातवीत असतानाच गेले," ती म्हणाली. "फॉर्मवर लिहिलंय."

*

त्यानंतर हेडक्लार्क साहेबांनी नियम केला. विद्यार्थ्याच्या लेखी परवानगीशिवाय कोणालाही काही सांगायचं नाही. तो मी मनापासून पाळला. इतका, की सातपूरच्या कारखान्यातले एक कामगार पहिली पाळी संपवून युनिफॉर्मवरच आले, मुलगा कॉलेजात येतो का एवढंच विचारत होते, त्यांनाही नाही म्हटलं. त्यांनी कारखान्याचं ओळखपत्र दाखवलं. मी म्हटलं, मुलाला घेऊन या.

"तो घरात बोलत नाही हो," ते म्हणाले. "म्हणून तर इथं आलो."

रजिस्टर माझ्यासमोर उघडंच होतं. दिवाळीनंतर त्या नावापुढे एकही हजेरी नव्हती.

मार्चमध्ये ते पुन्हा आले. मुलगा घर सोडून गेला होता. पोलिसांना द्यायला अलीकडचा फोटो घरात नव्हता, म्हणून प्रवेशाच्या फॉर्मवरचा मागत होते. मी पट्टीच्या कडेने तो हळूहळू सोडवून दिला. तो खिशात ठेवून त्यांनी विचारलं, "तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं का?"

मी हो म्हटलं.

ते "बरं" म्हणाले आणि गेले. मुलगा पुढे सुरतला दिसला असं कानावर आलं. खरं-खोटं माहीत नाही.

*

आणि हा एक. एमएच्या वर्गातली एक मुलगी जन्मतारखेसकट बोनाफाइड सर्टिफिकेट मागायला आली. कशाला हवंय, हे तिने आपण होऊन सांगितलं. कोर्ट मॅरेज करायचं होतं, त्याला वयाचा आणि पत्त्याचा पुरावा लागत होता. मुलगा जातीतला नव्हता, घरचे ऐकणार नव्हते. "घरून कोणी आलं तर सांगू नका मॅडम." मी कबूल केलं.

दोन दिवसांनी तिचे वडील आले. शहराला लागूनच मखमलाबादकडे त्यांची फुलशेती, सकाळचा झेंडू बाजारात देऊन तसेच आले होते. मुलीने इथून कसला कागद नेला, असं विचारलं.

मी म्हटलं, रेल्वेच्या पासाचा.

त्यांनी मान हलवली. सदऱ्याच्या खिशातून दुमडलेलं पाकीट काढलं आणि गजांतून आत सरकवलं. आत रेशनकार्डाची झेरॉक्स होती, तिच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ मारलेली.

"त्या रेल्वेच्या कामाला पत्त्याचा पुरावा लागतो म्हणं," ते म्हणाले. "घरी कपाटात शोधत होती परवा, तिला घावलं नाय. तेवढं द्या. आन् मी आलतो, हे सांगू नका."

दुपारी तिचा वर्ग सुटला तेव्हा तिला खिडकीत बोलावलं. मी पाकीट दिलं. तिने झेरॉक्स उघडली, पेन्सिलीच्या रेघेवर बोट ठेवलं.

"कोणी आणून दिलं?"

"ठाऊक नाही," मी म्हटलं.

तिने पाकीट पर्समध्ये ठेवलं आणि गेली.