भिंतीजवळची रुसलेली बाई

आमच्या वऱ्हाडात डीजे म्हणजे माणूस नव्हे, ट्रक. वरातीपुढे भिंतीएवढे भोंगे लादून तो निघतो आणि त्याच्या आवाजानं दोन्ही बाजूंच्या घरांतली भांडी मांडणीवरून उड्या टाकतात. त्यामुळे माझ्या भाचीनं पुण्याहून फोन करून "आई, मी डीजे झाले," असं सांगितलं, तेव्हा माझ्या ताईनं काळजीच्या सुरात पहिला प्रश्न विचारला, "मंग ट्रक कोन चालवते?"

ट्रक नाही हे कळल्यावर काळजी वाढलीच. मुलगी सव्वीस वर्षांची. शुक्रवार-शनिवार रात्री एका क्लबात गाणी वाजवते, पहाटे घरी येते, एकटी राहते. इकडे अकोल्यात एक स्थळ आलं होतं. मुलाचं खताबियाण्यांचं दुकान, माणसं सरळ, अट एकच, मुलीनं लग्नानंतर अकोल्यातच राहायचं. रविवारी ते तिला पाहायला येणार होते. ताईनं ठरवलं की आपण स्वतः पुण्याला जायचं, एक रात्र तिचं काम डोळ्यांनी पाहायचं, आणि मनाला पटलं नाही तर शनिवारी सकाळी तिला सामानासकट घेऊन यायचं. सोबत मी. मी अमरावतीत शाळेत शिकवते, गॅदरिंगची नाटकं बसवते, आणि घरात कोणाचंही अवघड काम निघालं की माझ्या नावाची हाक येते.

बारा-तेरा तास ट्रॅव्हल्समध्ये पाय मुडपून आम्ही पुण्यात उतरलो. मी बावन्न वर्षांची, ताई अठ्ठावन्नची. दोघींची मिळून कंबर एकच शिल्लक होती आणि ती दिवसभर आळीपाळीनं दुखत राहिली.

भाची म्हणाली होती, "नऊला सुरू होतं." आम्ही पावणेनऊला दारात हजर. दारावरच्या माणसानं आमची पिशवी उघडली, त्यातून तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा काढला आणि बाहेरचं खाणं चालत नाही म्हणून ठेवून घेतला. मग आमच्या मनगटांना कागदी पट्ट्या बांधल्या. ताई म्हणाली, "दवाखान्यात भरती करून राहिला का काय हा?"

आत कोणीच नव्हतं. काळाकुट्ट हॉल, वर हिरवे-जांभळे दिवे आपले एकटेच गरागरा फिरत होते. भाची एका उंच ओट्यावर वायरी जोडत होती. तिनं धावत येऊन आम्हाला कोपऱ्यातल्या उंच स्टुलांवर बसवलं आणि कानात सांगितलं, "गर्दी अकराला होईल. आणि मावशी, आज मालकाची बहीण येणार आहे. फार मोठी बाई. तिला माझं काम आवडलं तर मला महिनाभर पक्कं मिळेल. प्लीज, काही गोंधळ करू नकोस."

"मी आणि गोंधळ?" मी म्हणाले.

त्या स्टुलांवरून पाय जमिनीला टेकत नाहीत. दोन तास दोघी पाय लोंबकळत बसून होतो, फांदीवर अंधारात विसरलेल्या घुबडांसारख्या. अकराला खरंच दार फुटल्यागत पोरं-पोरी आत आली आणि भाचीनं जो आवाज सोडला तो कानात नाही, थेट बरगड्यांत शिरला. ताईनं शांतपणे पिशवीतून वाती वळायचा कापूस काढला, दोन बोंडं स्वतःच्या कानात घातली, दोन माझ्या हातावर ठेवली. आता तिच्याशी बोलायचं तर खाणाखुणाच.

मला दिसत होतं की ताईचं मन नाही म्हणतंय. तोंड आवळलेलं, पदर घट्ट. ती पोरांकडे पाहत नव्हती, भाचीकडेही पाहत नव्हती, फक्त घड्याळाकडे. आणि तेवढ्यात मला मालकाची बहीण दिसली.

इथे जरा आमच्याकडची रीत सांगावी लागेल. आमच्याकडे वरात हलायच्या आधी कोणीतरी रुसतंच. कधी मामा, कधी नणंद, कधी थोरला जावई. त्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही. रुसलेला माणूस लांबूनही ओळखू येतो. भिंतीला पाठ, हाताची घडी, नजर सगळ्यांच्या डोक्यावरून पलीकडे. त्याचे दोन्ही हात धरून त्याला नाचात ओढायचं असतं. पहिल्यांदा तो नाही म्हणतो. दुसऱ्यांदा हात झटकून नाही म्हणतो. तिसऱ्यांदा येतो, आणि मग त्याच्याइतकं कोणी नाचत नाही. पहिल्या नकाराला जो सोडून देतो, त्याचा उद्धार पुढे दहा वर्षं होतो. आमच्या घरात हे खातं तीस वर्षं माझ्याकडे आहे. आत्तापर्यंत किती मामे आणि किती जावई ओढले असतील देव जाणे. खरं सांगते, हात भरून येतात आता. लग्नाची पत्रिका आली की मी आधी खांद्याला तेल लावते.

तर भिंतीला पाठ लावून एक धिप्पाड बाई उभी होती. चाळिशीची, काळा शर्ट, काळी पँट, हाताची घडी, चेहऱ्यावर बारा वाजलेले. आजूबाजूची पोरं तिला आदरानं वाट देत होती. मोठी बाई म्हणजे हीच. हिला कोणी विचारलं नाही म्हणून ही फुगली, आणि ही फुगलेलीच घरी गेली तर माझ्या भाचीचं काम गेलं. थकलेल्या गुडघ्यांना मी म्हटलं, उठा बाबांनो, एक शेवटचं.

मी तिच्यासमोर गेले, हसले, दोन्ही हात धरले. "चला ना ताई! असं काय करता!"

तिनं मान हलवली. नाही. हे पहिलं.

मी ओढलं. तिनं हात झटकला, काहीतरी बोललीही, पण माझ्या कानात ताईचा कापूस. हे दुसरं. मला मनातून समाधान वाटलं की बाई रीतीनं चालली आहे. मी पदर खोचला, कमरेला हात घातला आणि सगळा जोर लावून तिला नाचाच्या मधोमध आणलं.

पोरांनी रिंगण केलं, शिट्ट्या मारल्या, मोबाइल वर केले. मीही दोन गिरक्या घेतल्या, उगीच कशाला खोटं बोलू, चांगल्या जमल्या. तिसऱ्या गिरकीला मला त्या बाईची पाठ दिसली. त्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत सिक्युरिटी लिहिलं होतं.

ओट्यावर भाचीनं कपाळाला हात लावला, पण दुसरा हात मशिनवरून काढला नाही. दोन दांडगे बाउन्सर गर्दी सारत आले. बाईनं त्यांना हातानंच थांबवलं, माझा दंड धरला आणि मला मागच्या दारानं एका बोळात नेलं. आमच्या पाठोपाठ ताई, कानातला कापूस उपटत. "सोड तिले! मास्तरीन हाये थे! तिच्या अंगाले हात लावू नको!"

दार बंद झालं आणि एकदम शांत वाटलं. मीही कानातला कापूस काढला.

"काकू," बाई धापा टाकत म्हणाली, "अहो मी ड्युटीवर आहे. तीनदा सांगितलं. कोणाबरोबर आलात तुम्ही?"

"डीजेची मावशी," मी खालमानेनं म्हणाले. "आणि ही आई."

तिचा चेहरा बदलला. तिनं प्लास्टिकच्या दोन खुर्च्या ओढल्या, पाण्याची बाटली दिली. मी चपला काढून फरशीवर पाय टेकवले. त्या गार फरशीसाठी मी त्या बाईचे जन्मभर उपकार मानीन. मालकाची बहीण आज आलेलीच नाही, हेही तिनंच सांगितलं.

ताई मात्र बसली नाही. "मले एक सांगा. पोरगी रातच्याले घरी कशी जाते?"

"मी गाडीत बसवते. गाडीचा नंबर लिहून घेते. खोलीवर पोचली की मला फोन करते, मगच मी निघते."

"कोनी तरास देते का तिले?"

मला वाटलं, आता बाई गोड बोलेल. "देतात ना. मध्ये एक जण तीन आठवडे मागे होता. बाहेर उभा राहायचा. मी आणि ती पोलिसांत गेलो. आता येत नाही. तिनं सांगितलं नाही का तुम्हाला?"

ताईनं पाण्याचा घोट घेतला, बाटली माझ्या हातात दिली आणि दार ढकलून एकटीच आत गेली. मी मनात म्हटलं, संपलं. आता पोरीच्या बॅगा भरायच्या.

मी मागून डोकावले तेव्हा ताई ओट्याच्या बाजूला, अंधारात उभी होती. भाचीला दिसत नव्हती. पोरगी एका कानाला हेडफोन दाबून, मान वाकडी करून, एका हातानं चकती फिरवत होती, आणि ताई तिच्या हातांकडे पाहत होती. ताईचं आयुष्य अकोल्याच्या फूलबाजारात गेलं. रात्री अडीचला झेंडूचा टेम्पो उतरवायचा, उजाडायच्या आत हार ओवून संपवायचे, आणि ते करताना कोणी बोललेलं तिला चालत नाही. ती किती वेळ तशी उभी होती मला ठाऊक नाही. मी परत येऊन खुर्चीवर डोळे मिटले.

दीड वाजता दिवे लागले. वायरी गुंडाळून भाची बोळात आली तेव्हा तिचा चेहरा आमच्याहून थकलेला होता. ती आईसमोर नुसती उभी राहिली. माफी माझ्या वतीनं मागावी की स्वतःच्या, हे तिला कळत नसावं.

ताई म्हणाली, "दोन घंटे पाहून राहिली मी. पान्याचा घोट नाई घेतला तू."

"वेळ नसतो, आई."

ताईनं फोन लावला. भाऊजी जागेच होते, टेम्पोची वाट पाहत. "ऐका. रविवारच्या पावन्यांले नाई म्हना... नाई, आजारी नाई कोनी. तिचं काम इथं हाये, अकोल्यात नाई... हो, पाह्यलं मी. वैतागाचं काम हाये. आपल्यासारखंच." पलीकडे भाऊजी बराच वेळ बोलत होते. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाली, "हो, पन नाई म्हना."

भाचीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काळ्या शर्टातल्या बाईनं आम्हा तिघींना गाडीत बसवलं आणि खरोखरच वाकून नंबर लिहून घेतला.

गाडी हलली न हलली तोच ताई पोरीकडे वळली. "त्या पोट्ट्याची गोष्ट मले कावून नाई सांगतली वं?"

"सांगतली असती तं तू मले तवाच घरी नेलं असतं."

"नेलंच असतं!"

"मंग?"

मी काचेला डोकं टेकलं होतं. डोळे मिटत आले होते, पण ताईचं उत्तर मी ऐकलं. तिनं पोरीची ओढणी नीट केली आणि म्हणाली, "मंग काय? आता सांगत जाय."