घोडेगावचं स्थळ

नवऱ्याला नाही, आईला नाही, माझ्या पुस्तकांवर जीव टाकणाऱ्या बायकांना तर नाहीच नाही — ही गोष्ट आजवर मी कुणाच्याच कानावर घातलेली नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असाल तर टोपणनावानं, आणि ते नाव मी इथं लिहिणार नाही. तेवढी भित्री मी अजून आहे.

मी प्रेमकथा लिहीत असे. बायका वाचनालयातून नेतात, दुपारी वाचतात आणि कुणी आलं की उशीखाली सारतात, तसल्या. आमचं घर देवळाली प्रवऱ्याला. हे साखर कारखान्यात कारकून. जेवणं उरकली की दुपार माझी. पहिल्या दोन कादंबऱ्यांतल्या माझ्या नायिका सगळ्यांच्या असतात तशाच होत्या — चाफेकळी नाक, मुठीत मावेल अशी कंबर. दोन्ही आपटल्या. तिसरीत मी जाडी मुलगी घेतली. 'जरा अंगानं भरलेली' वगैरे नव्हे हं — चांगली जाडी. जिना चढताना धापा टाकणारी, फोटो काढताना खुर्चीमागं जाऊन उभी राहणारी. बघायला आलेले लोक पोहे खाऊन 'कळवतो' म्हणून जातात आणि कळवत नाहीत. शेवटी एक डॉक्टर तिला म्हणतो, मला तू अशीच हवी आहेस, आहेस तेवढी सगळी.

ती कादंबरी धावली. गावोगावहून पत्रं आली — बाई, आमच्या मनातलं तुम्हाला कसं कळलं? प्रकाशकानं मुखपृष्ठावर मात्र काडीसारखी बाई छापली होती. विचारलं तर म्हणाला, आत काय वाटेल ते असू द्या, वर जाडी बाई बघून पुस्तकाला हात कोण लावील? मी गप्प बसले. पुढच्या पुस्तकांवरही बारीकच बायका येत राहिल्या आणि आत माझ्या जाड्या मुलींची लग्नं लागत राहिली.

वाचणाऱ्या बायकांना वाटायचं, लेखिका स्वतः तशीच असणार. आणि मी? मी निव्वळ चिपाड. मला बघायला आले तेव्हा पोहे खाता खाताच होकार दिला होता. मग ते सगळं मला कुठून कळायचं?

शालनकडून. शालन माझी धाकटी नणंद. लग्न होऊन मी या घरात आले आणि पहिल्या आठवड्यातच ती माझी झाली. तिला आणखी होतंच कोण? बैलगाडीत ती कधी मागं बसायची नाही — एकदा कुणीतरी 'गाडी उलार होईल' म्हणून हसलं होतं. कासार दारात आला की ती परसात जायची, कारण हात साबणानं माखूनही बांगडी चढत नसे आणि कासार सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं काहीतरी बोलायचा. शिंप्याला माप द्यायला नको म्हणून ती स्वतःच शिवायला शिकली. चारचौघांत अर्धी भाकरी खायची. मग दुपारी सगळे लवंडले की चुलीपाशी बसून उरलेली खायची आणि खाताना रडायची. हे तिनं मला सांगितलं. फक्त मला. मी ते जसंच्या तसं चौथ्या कादंबरीत घातलं.

ही चोरीच ना? हो. पण मी ती कबूल करायला बसलेले नाही. ती चोरी शालनला ठाऊक होती. लिहून झालं की मी तिलाच आधी वाचून दाखवायची. ती पदर तोंडाला लावून हसायची. "वैनी, ह्ये तर माझंच हाय की! मग आमचा डागदर कुटं अडकलाय म्हनायचा?" तिला आवडायचं. माझ्या कादंबरीत तिचं लग्न होत होतं ना — कुठंतरी तरी होत होतं.

मग दुष्काळाचं साल आलं. पाटाचं पाणी आटत चाललेलं. रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायका शालनला जाताना बघून म्हणायच्या, हिच्या घरी दुस्काळ पोचला न्हाई वाटतं. तिनं बाहेर जाणंच सोडलं. आत्याबाई — माझ्या सासूबाई — तिच्याकडून आठवड्यातले तीन तीन उपास करून घ्यायच्या. स्थळं येणं थांबलं होतं. आणि अशात घोडेगावचं स्थळ आलं.

त्याचं नाव भानुदास. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात त्याचं दुकान होतं — कासरे, दावी, वेसणी, घुंगरं. आईवडील नव्हते, मावशीनं वाढवलेला. तो मावशीला घेऊन आला. शालन पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आली, बसली. मावशी म्हणाली, पोरी, जरा चालून दाखव. शालनचा चेहरा पडला. हे दर वेळी व्हायचं आणि दर वेळी तिथंच सगळं संपायचं. तेवढ्यात भानुदास म्हणाला, "मावशे, त्यात काय बघायचं? आत्ता आतून त्या चालतच आल्या न्हवं?"

आणि शालन हसली. पदर तोंडाला न लावता, खळखळून, सगळं अंग हलेपर्यंत. असं हसलं की अंग हलतं म्हणून ती परक्यांपुढं कधी हसत नसे. भानुदास तिच्याकडे बघत राहिला. माझे सासरे म्हणाले, काही विचारायचं असलं तर विचारा. तो म्हणाला, "काय न्हाई इचारायचं. माझं ठरलं."

माझं ठरलं. किती साधे दोन शब्द सांगा. मी एवढ्या नायकांच्या तोंडी एवढी भाषणं घातली, पण हे मला सुचले नव्हते.

आता आमच्याकडची रीत सांगते, कारण माझं पाप त्या रीतीच्या आडोशानंच झालं. बघणं झालं की मुलाची चौकशी करायची. ज्याचे नातेवाईक त्या गावात असतील त्यानं जायचं. घोडेगाव माझं माहेर. माझे वडील त्याच बाजारात दलाल. तेव्हा मीच जाणार हे न बोलता ठरलं. दुसरी गोष्ट अशी, की चौकशी करून आलेल्या माणसानं 'हो' म्हटलं तर सगळं खोदून विचारतात. पण 'नको' म्हटलं तर कुणी एक अक्षर विचारत नाही. कारण काढलं तर ते चार तोंडी होणार, एका माणसाची अब्रू जाणार, आणि चौकशीची चहाडी होणार. म्हणून 'नको' म्हणजे नको. बाजारात सौदा रुमालाखाली बोटांनी होतो ना, तसंच. दलालानं रुमालाखालून हात काढून घेतला की गिऱ्हाईक काय ते समजतं. का, म्हणून विचारत नाही.

मी माहेरी गेले. बाजार जनावरांनी फुलला होता, पण विकणारेच सगळे. बरगड्या मोजाव्यात अशी गुरं मातीमोलानं जात होती. वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "सोन्यासारखा मानूस. ह्या दुस्काळात गुरं इकाया आलेल्या लोकान्ला दावी फुकट देतो. म्हनतो, गुराबरुबर दावं तरी नवं जाऊ द्या." शेजारणींना विचारलं. सुपारीचं खांडसुद्धा खात नाही, म्हणाल्या. दुकानावरून मुद्दाम गेले. तो लगबगीनं उठला, मला सावलीला बसायला पोतं टाकलं. शालनबद्दल काही विचारलं नाही. फक्त म्हणाला, "ताई, त्या तशा हसत्यात का नेहमी?"

घोडेगावहून नगर, नगरहून राहुरी — एसटीत मला विचार करायला पुष्कळ वेळ होता. म्हणजे हे रागाच्या भरात झालं नाही. हेही लिहून ठेवायला हवं.

मी परत आले तेव्हा आत्याबाई डाळ निवडत होत्या. आतल्या दारामागं शालन उभी होती. तिचं अर्धं लुगडं दिसत होतं — ती लपली की अर्धी तरी दिसायचीच. मी चपला काढल्या, पाण्याचा तांब्या हातात घेतला आणि म्हटलं, "आत्याबाई, नगं."

एवढंच. आत्याबाईंचा हात सुपात थांबला. मग पुन्हा चालू लागला. "बरं जालं बाई तू गेलीस," त्या म्हणाल्या, "परकं कुनी गेलं असतं तर फसलो असतो." दारामागचं लुगडं हललं नाही.

'का?' म्हणालात? मलाही हे विचारायला पुष्कळ वर्षं होती. मी स्वतःला सांगायची, शालन गेली असती तर माझं लिहिणं अडलं असतं, म्हणून. लेखिकेचा स्वार्थ म्हटलं की जरा बरं दिसतं ना? कुणी तुमच्यावर लेखबिख लिहिला तर त्यातही शोभून दिसतं. पण ते खरं नाही. मी शालनशिवायही पुढं पुष्कळ लिहिलं.

खरं असं, की भानुदास 'माझं ठरलं' म्हणाला तेव्हा मी ह्यांच्याकडे बघितलं. हे काडीनं कान कोरत होते. मला होकार आला तेव्हा ह्यांनी माझ्याकडे धड पाहिलंही नव्हतं. घरच्यांनी विचारलं तर 'चालेल' म्हणाले होते. मी बारीक, गोरी, मॅट्रिक — आणि मला 'चालेल'. त्या जाडीला 'माझं ठरलं'? तोवर मला शालनची कीव करण्याची सवय झाली होती. कीव करताना मी किती मायाळू होते! तिच्या दुःखानं मला खरंच रडू यायचं. पण तिला माझ्यापेक्षा जास्त मिळावं — हे मला सोसवेना. जाड मुलीवर कुणी जीव लावू शकतो असं मी पुस्तकांमागून पुस्तकं लिहून सांगत होते, आणि तसा एक जिवंत माणूस दारात आला तर मी त्याला हाकलून दिलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझ्या पुस्तकांवर माझा कधी विश्वासच नव्हता. मुखपृष्ठावर काडीसारखी बाई छापणारा प्रकाशक निदान उघडपणे तसा होता.

घोडेगावला निरोप गेला, पत्रिका जुळत नाही. दिवाळीला माहेरी गेले तेव्हा भानुदास बाजारात भेटला. मी वाट बदलायला बघत होते, पण तो समोरच आला. "ताई, पत्रिका तर आमी काढलीच नव्हती. माझं काय चुकलं, एवडंच सांगा." मी म्हटलं, मोठ्यांनी ठरवलं, मला ठाऊक नाही. त्यानं मान हलवली. दोन वर्षांनी त्यानं लग्न केलं.

पुढच्या कादंबरीत मी तो सगळा प्रसंग घातला. मावशी, पोहे, चालून दाखवणं, त्याचं बोलणं — सगळं. आणि लग्न लावून टाकलं. माझं सगळ्यात खपलेलं पुस्तक तेच. ते मी शालनला वाचून दाखवलं नाही. तिनं वाचनालयातून आणून वाचलं आणि परत करून आली. मला वाटलं, तिला कळलं. वाटलं, आता ही विचारणार, आणि मी सांगून टाकणार. खरंच सांगितलं असतं, असं मला तेव्हा वाटत होतं.

तिनं विचारलं, पण पुष्कळ वर्षांनी. तिचं लग्न झालं नाही. एका वयस्कर बिजवराचं स्थळ आलं तेव्हा तिनंच नाही म्हटलं. ती आमच्याकडेच राहिली, माझी मुलं तिनंच वाढवली. एका उन्हाळ्यात आम्ही दोघी पापड लाटत होतो. माहेरहून कळलं होतं की भानुदासच्या मुलीचं लग्न झालं, ते मी बोलता बोलता सांगितलं. शालन लाटता लाटता, मान वर न करता म्हणाली, "वैनी, आता इचारलं तर चालंल का? रीत न्हाई, पन लई वर्सं जाली. त्या मानसात काय वंगाळ हुतं?"

आत्याबाई गेल्या होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. मला कुणाची भीती नव्हती. तुम्हीच सांगा, यापेक्षा चांगली संधी देव कुणाला देतो?

मी म्हटलं, "पीत हुता. हात उचलायचा म्हनत्यात."

शालननं हातातला पापड पुरा केला, चटईवर टाकला. मग पिठाच्या हातानं तिनं माझा हात धरला आणि ती रडली. दुःखानं नव्हे. सुटल्यासारखी. म्हणाली, "मला वाटायचं, त्यालाच मी मागनं नगं जाली आसंन. घरी जाऊन इचार केला आसंल. देवानंच तुला धाडलं हुतं बघ."

म्हणजे इतकी वर्षं तिनं ते स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. आणि मी तिला त्यातून सोडवलं — एका भल्या माणसाला दारुड्या करून.

ह्यांना जाऊन आता बराच काळ झाला. घरात आम्ही दोघीच. शालन माझ्या गोळ्या वेळेवर देते, माझे पाय चेपते. आणि गल्लीत कुणाच्या मुलीचं जमायला आलं की हटकून सांगते, चौकशीला आमच्या वैनीला न्या, तिची पारख लई खरी हाय, तिच्यामुळंच मी वाचले. बायका माझ्याकडे आदरानं बघतात. मी हे लिहिलेलं शालनला दाखवणार नाही. ती सांगत असते तेव्हा मी तिच्या शेजारीच बसलेली असते, आणि 'हो' म्हणते.