आक्काला विचारून

दादाची बातमी मला दुसऱ्या कुणी आणून दिली नाही. तो स्वतःच ती घेऊन आला, दोन पायांवर चालत, माझ्या सकाळच्या ड्यूटीच्या वेळी. मी परळच्या एका इस्पितळात वीस वर्षं नर्स आहे. वॉर्डाबाहेरच्या बाकावर तो टोपी मांडीवर ठेवून बसला होता. मला पाहून उठला आणि म्हणाला, "शांते, पहाटेपासून तोंड नीट उघडत नाही गं. चहा सगळा ओठांवरून सांडला. तुझी वहिनी म्हणते, दाढ असेल." मी विचारलं, पायाला काही लागलं होतं का? "आठवड्यापूर्वी तबेल्यात खिळा गेला होता. जखम भरली की." एवढ्यावर मला पुढचं सगळं कळलं. नर्सला काही गोष्टी घरच्यांच्या आधी कळतात आणि त्याचा काडीचा उपयोग होत नाही. त्याला मी म्हटलं, "दाढच असेल. चल, डॉक्टरांना दाखवू."

आम्ही मालवणकडचे. वडील लालबागच्या एका गिरणीत होते आणि दादानेही तिथेच चिकटावं असं घरात ठरलेलं होतं. पण तो अंगाने बारका, उंचीला कमी, आणि वयाच्या चौदाव्या वर्षी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोडे फिरवायला म्हणून जो गेला तो परत गिरणीकडे वळला नाही. आई शेवटपर्यंत कुरकुरली. "गिरणीत गेलो असतस तर माणसांत रवलो असतस, आता घोड्यांत रवतस," असं ती म्हणायची. दादा जेवता जेवता म्हणे, "आये, घोडे बरे. पगाराच्या दिवशी दारू पिऊन येत नाहीत." पुढे वजन वाढलं, शर्यतीत बसणं सुटलं, आणि तो कोवळ्या घोड्यांना लगाम आणि खोगीर शिकवणारा माणूस झाला. त्याला चाबूकस्वार म्हणतात. तीस वर्षांत त्याच्या हातात चाबूक मी एकदाही पाहिला नाही. एकदा विचारलं, तर म्हणाला, "गाढवाला दहा वेळा मारलं तर ते अकराव्यांदा चालतं. या रक्ताच्या घोड्याला एकदा मारलं की तो जन्मभर तेवढंच लक्षात ठेवतो. शिकवायचं काय मग?"

रक्ताविषयी तो फार बोलायचा. शर्यतीच्या घोड्यांची घराणी असतात आणि स्वभाव त्या घराण्यांतून उतरतात, हे त्याच्याकडून मी इतक्या वेळा ऐकलं होतं की मला कंटाळा यायचा. एका घराण्यावर त्याचा विशेष जीव होता. त्या घोड्यांना वेग होता, पण मालक त्यांना घेताना दोनदा विचार करत, कारण ती तापट म्हणून प्रसिद्ध होती. दादाला ते मान्य नव्हतं. "तापट नाहीत गं. लवकर शिकतात. आपण चुकीचं शिकवलं तर तेही लवकर शिकतात, आणि मग लोक म्हणतात घोडा वाईट." त्या घराण्यातली आजी त्याने तयार केली, आई त्याने तयार केली, आणि नातही त्याच्याच हाताखाली आली. तिचं कागदोपत्री नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. दादा तिला आक्का म्हणायचा. तिच्या जवळ जाताना तो दोन पावलांवर थांबे, हात पुढे धरे आणि म्हणे, "आक्का, हात लावू का?" मग तिने नाक पुढे करीपर्यंत तिथेच उभा राही, पाच मिनिटं लागोत नाहीतर अर्धा तास. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा म्हटलं, "मी पेशंटला असं विचारत बसले तर संध्याकाळपर्यंत एकाला सुई टोचून होणार नाही." तो म्हणाला, "तुझ्या पेशंटला पळून जाता येत नाही, म्हणून तुझं चालतं."

आक्का चार शर्यती जिंकली. पाचवीत तिच्या पुढच्या पायाची शीर गेली. असा घोडा पुन्हा धावत नाही, आणि न धावणाऱ्या घोड्याला उभ्या जागी पोसणारा मालक मी तरी पाहिलेला नाही. गोळीच घालायची होती. पण परळला एका ठिकाणी घोड्यांच्या रक्तातून धनुर्वातावरचं औषध काढतात, तिथे लंगडा घोडाही चालतो. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या अंगात उतारा तयार होऊ द्यायचा, आणि महिन्या-दीड महिन्याने मानेच्या शिरेतून रक्त घ्यायचं. अट एकच. रक्त निघेपर्यंत जनावराने न हलता उभं राहायचं. आक्काला तिथे आणलं तेव्हा पहिल्याच दिवशी तिने सुई, बाटली आणि माणूस, तिन्ही उडवली. तिथले घोड्यांचे डॉक्टर दादाला ओळखत होते. त्यांनी त्याला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "दत्ताराम, तीन महिने देतो. उभी राहिली तर राहील. नाही तर माझा इलाज नाही." दादाने रेसकोर्सची नोकरी सोडली आणि त्या तबेल्यात लागला. वहिनी आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. मलाही तो वेडेपणाच वाटला, आणि मी तो तोंडावर बोलून दाखवला.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. तबेल्याच्या भिंतीपलीकडून रोज मोर्चा जायचा, आणि हजार माणसांची घोषणा उठली की आक्का भिंतीवर चढायला बघायची. दादाने त्यावर उपाय काढला. तो तिच्याजवळ उभा राहून अगदी हलक्या आवाजात, देवघरात बोलावं तसा, "झालाच पाहिजे" म्हणायचा आणि तळहातावर गुळाचा खडा धरायचा. पुन्हा "झालाच पाहिजे", पुन्हा गूळ. पंधरा दिवसांत अशी स्थिती आली की बाहेर मोर्चा गरजू लागला की आक्का कान टवकारून गूळ शोधायची. तिथला मदतनीस केशव चिडवायचा, "दत्तारामभाऊ, घोडीला पण सत्याग्रहाला नेताय काय?" दादा म्हणे, "तिचं मत पक्कं आहे रे. तुझ्यासारखी सभेला भजी खायला येत नाही ती." तीन महिने भरायच्या आत आक्का उभी राहिली. मी मुद्दाम सुट्टी घेऊन बघायला गेले. दादाने खांदा तिच्या हनुवटीखाली दिला होता, दोरी सैल सोडली होती, सुई शिरेत होती, आणि ती त्याच्या जुन्या खाकी कोटाच्या कॉलरमध्ये नाक खुपसून शांत उभी होती. डॉक्टरसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि वहीत वेळ लिहिली. घरी येताना दादाने मला लालबागच्या नाक्यावर जबरदस्तीने उसाचा रस पाजला.

दीड-दोन वर्षं असं चाललं. पण एक चूक होऊन बसली होती, आणि ती दादानेच मला सांगितली. त्याला ताप आला म्हणून केशवने तिला धरलं, तर तिने केशवला भिंतीवर दाबलं. दादा अंथरुणावर उठून बसला आणि म्हणाला, "शांते, मी तिला काम शिकवलं नाही. मी तिला मला शिकवलं. दुसरं जनावर असतं तर चार माणसांच्या हातांना सरावलं असतं. ही एकदा शिकते आणि तेवढंच धरून बसते." मी म्हटलं, "मग केशवला आतापासून सोबत उभा कर." "करणार. दिवाळीनंतर." याच सुरात तो मला दुसरं एक आश्वासन द्यायचा. घोड्यांत काम करणाऱ्याने धनुर्वाताची लस आधीच टोचून घ्यावी, म्हणून मी त्याच्या मागे लागले होते. एकदा यायला निघाला, तर संचारबंदी लागली. एकदा आक्काचा रक्ताचा दिवस होता. मग दोघंही विसरलो... तो विसरला हे ठीक. मी विसरायला नको होतं.

त्या सकाळी डॉक्टरांनी औषध द्यायचं ठरवलं. ते घोड्याच्या रक्तातलं, म्हणून आधी हातावर थेंबभर टोचून बघावं लागतं. तो थेंब मीच टोचला. बाटलीकडे बघून दादा आवळलेल्या दातांतून म्हणाला, "ही आक्काची का गं?" मी म्हटलं, "गप्प पड." वीस मिनिटांत त्याचा हात कोपरापर्यंत लाल झाला आणि सुजला. जन्मभर ज्यांच्या अंगाशी अंग लावून राहिला, त्या घोड्यांचं त्याच्या शरीराला वावडं झालं होतं. डॉक्टरांनी तो थेंब शंभर पट पातळ करून पुन्हा प्रयत्न केला, तर त्याचा श्वास कोंडला. ते म्हणाले, "सिस्टर, आता नको. धनुर्वाताच्या आधी औषधानेच जाईल." कपाटात बाटल्या होत्या. ओळीने होत्या. मी त्याला अंधाऱ्या खोलीत ठेवलं, दाराला फडकी बांधली, आवाजाने झटका येतो म्हणून चपला बाहेर काढल्या, आणि पाच दिवस दुसरं काही करता आलं नाही. तिसऱ्या दिवशी झटके थोडे थांबले तेव्हा तो म्हणाला, "आक्काला... केशवला सांग..." पुढचे शब्द जबड्यातच राहिले. वहिनीने मला विचारलं, "वन्सं, काय म्हणाले?" मी सांगितलं, नीट ऐकू आलं नाही. ते खरंच होतं.

तो गेल्यानंतर दुसऱ्या दिवशी मी लालबागला दादाच्या चाळीत गेले आणि नर्स जे करते ते केलं. त्याचं अंथरूण जाळलं. सगळे कपडे मोठ्या पातेल्यात सोडा घालून तासभर उकळले, खाकी कोटही. वहिनी म्हणाली, "एवढा तरी राहू द्या ना तसाच." मी म्हटलं, "रोगाचं घर आहे ते." आता सांगते, धनुर्वात कपड्यांतून कुणाला होत नाही, हे मला शिकवलेलं होतं. हाताला काहीतरी काम हवं होतं, एवढंच. दहाव्या दिवशी केशव चाळीत आला. दारातच उभा राहून म्हणाला, "ताई, भाऊंचा कोट द्या. घोडी कुणाला जवळ येऊ देत नाही. गूळ दिला, घोषणा दिली, ती नुसती दाराकडे बघते. कोट घालून गेलो तर वासावर तरी उभी राहील." वहिनीने माझ्याकडे पाहिलं. कोट दोरीवर होता, स्वच्छ, इस्त्री केल्यासारखा. मी तो केशवला दिला आणि त्याच्याबरोबर मीही गेले. केशव कोट घालून आत गेला. आक्काने मान लांब करून कॉलर हुंगली, बाही हुंगली, पुन्हा कॉलर हुंगली, आणि तोंड फिरवून कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

तबेल्याचे डॉक्टरसाहेब भले गृहस्थ आहेत. त्यांनी एकदा गोळीची तारीख पुढे ढकलली. पण त्यानंतर तिने एका माणसाचा हात मोडला, आणि आता येत्या सोमवारी ती उभी राहिली नाही तर त्यांच्यासमोर दुसरा रस्ता नाही, असं त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. मी वाद घातला नाही. त्यांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं. गेले नऊ दिवस मी ड्यूटीवर जाण्याआधी तबेल्यात जाते. कोट तिथेच खुंटीला आहे, अजून सोड्याचा वास येतो त्याला. मी दोन पावलांवर थांबते, हात पुढे धरते आणि विचारते, "आक्का, हात लावू का?" पहिल्या दिवशी केशव हसेल म्हणून मी हळू विचारलं. तो हसला नाही. मला घोड्यांतलं काही कळत नाही. मी दादाची बहीण आहे एवढंच, आणि ते तिला सांगता येत नाही. ती लाथ मारत नाही, पुढेही येत नाही, नुसती बघते. मग माझी वेळ होते आणि मी निघते. सोमवारी माझी सकाळची ड्यूटी होती. ती मी बदलून घेतली आहे.