रातचा दिवा

"नाव घे की बाई! उखाण्यात घे हवं तर. आमी बी ऐकू."

परभणीच्या कचेरीच्या ओसरीवर अर्जनवीस असं म्हणाला आणि बसलेले सगळे बाप्ये हसले. मी पदर तोंडात कोंबून उभी. माझा नवरा कराचीत अडकला होता. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, सगळीकडे घबराट, तेव्हा भावाच्या मागं निघून गेला. गुन्हा काही नव्हता, नुसता भ्याला होता. आता त्याला परत यायचं होतं, मानवतला, आपल्या घरी, कापूस पिंजायच्या धनुकलीपाशी. त्यासाठी परमिट पाहिजे, आणि परमिटाचा अर्ज लिहिणारा हा असा.

आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. त्याचं नाव चाँद. लग्न झाल्यापासून मी आभाळातल्या चंद्रालासुद्धा रातचा दिवा म्हणत आले. तेच हळू आवाजात सांगितलं.

"रातचा दिवा? म्हंजी कंदील का?"

ओसरी पुन्हा हसली.

"अन् तुझा कंदील पळाला कशापायी? काय करून गेलाय?"

आमच्या गल्लीतली माणसं तिथंच बसून ऐकत होती. त्यांच्यादेखत तो नुसता भ्याला असं कसं सांगू? शेवटी त्यांच्यातल्या एकाला कीव आली. "बाबूमियाँ म्हणत्यात त्याला," तो म्हणाला. सगळा गाव त्याला बाबूमियाँच म्हणायचा. अर्जनवीसानं तेच लिहिलं.

अर्ज फेटाळला. तिकडच्या कागदावर चाँद, इकडच्या कागदावर बाबूमियाँ. म्हणाले, हा माणूस तो नव्हेच.

मी पुन्हा गेले. तीच ओसरी, तोच अर्जनवीस. "आलीस का? आज तरी घे नाव." सगळे हसायला टपलेलेच. माझं डोकं फिरलं.

"चाँद!" मी ओरडले. "चाँद पिंजारी. लिवा! अन् हसायचं आसंल तर आदी आपापल्या बायका आणून हितं हुब्या करा, मंग हसा."

अर्जनवीसानं खाली मान घालून नाव लिहिलं. पण उशीर झाला होता. परमिट बंद होऊन पासपोर्ट आले, नवे नियम आले, अर्ज इकडून तिकडं फिरत राहिला. नवरा तिकडंच मेला. मला त्याची मातीसुद्धा दिसली नाही. धनुकली अजून भिंतीला टांगलेली आहे आणि तिच्याकडं बघवत नाही.

आता मी त्याच ओसरीवर जाते. अजून बाया येतात. कुणाचा नवरा तिकडं, कुणाचा लेक. मी त्यांना आधी मागच्या कडुलिंबाखाली नेते. नाव घेता येत नसलं तर मीच हळूहळू नावं घेत जाते, बरोबर नाव आलं की ती मान हलवते. मग अर्ज लिहिताना मी तिच्या आणि माणसांच्या मधे उभी राहते. बाकी जे विचारायचं ते अर्जनवीसानं तिला लिंबाखालीच विचारायचं.

परवा अर्जनवीस चिडला. "तू कोण लागून गेलीस गं?"

"चाँद पिंजाऱ्याची बायको," मी म्हणाले. "मी हाय तवर हितं बाईला चारचौघांत कायबी इचारायचं न्हाई."

आणि जागची हलले नाही.